"साहेब, त्याला फक्त समज द्या" एवढं सांगून परत येऊ नका: नवरा मारतो तेव्हा कोणत्या क्रमाने काय करायचं

आपल्या वस्तीतल्या बाया पोलिसात जातच नाहीत असं नाही, जातात. रात्री दहाला, डोकं फुटलेलं, लेकरू कडेवर. आणि तिथं गेल्यावर पहिलं वाक्य असतं "साहेब, त्याला फक्त समज द्या". साहेब समज देतात, कधी दोन कानाखाली पण देतात, नवरा पाया पडतो आणि दोघं एकाच गाडीवर बसून घरी. कागदावर काही नाही. पुढं कधीतरी हात मोडतो, बाई खरोखर केस करायची म्हणते, वकील विचारतो आधी कधी तक्रार दिली होती का, ती म्हणते चार वेळा गेले होते. त्या चार वेळांची एक ओळ पण कुठं लिहिलेली सापडत नाही.

तालुक्याच्या कोर्टात विधी स्वयंसेवक म्हणून बायांसोबत फिरताना मी हे इतक्यांदा बघितलंय की आता लिहूनच काढते. बौद्ध, मातंग, चर्मकार, वाल्मिकी, कुठलीही वस्ती असो, चुका त्याच आहेत, आणि बहुतेक चुका क्रमाच्या आहेत. बाई स्वतः वाचत असेल तर ठीकच, तिचा भाऊ, शेजारीण किंवा मंडळाचा कार्यकर्ता वाचत असेल तरी चालेल.

सावधान: नवरा फोन तपासत असेल तर हे शेजारणीच्या फोनवर वाचा. आत्ता या क्षणी मारहाण चालू असेल तर वाचत बसू नका, ११२ लावा.

## टप्पा १: आधी ठरवा, तुम्हाला नक्की काय पाहिजे

सगळ्यात मोठा घोळ इथं होतो. लोक म्हणतात "केस केली", पण कुठली ते माहीत नसतं. दोन रस्ते आहेत आणि दोन्ही वेगळे आहेत.

पहिला रस्ता म्हणजे कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५, ज्याला सगळे डी.व्ही. म्हणतात. यात नवऱ्याला जेलात टाकायचं हा मुद्दा नाही. यात तुम्हाला घरात राहायचा हक्क, महिन्याचा खर्च, लेकरांचा तात्पुरता ताबा, नुकसानभरपाई आणि त्याने परत हात लावू नये असा कोर्टाचा हुकूम मिळतो. यातली हिंसा म्हणजे फक्त मारणं नाही. शिवीगाळ, संशय घेणं, जबरदस्तीचा संबंध, मजुरीचे पैसे काढून घेणं, सगळं यात आहे. लाडक्या बहिणीचे १५०० रुपये खात्यात पडले की नवरा एटीएम घेऊन जातो, ही पण कायद्याने आर्थिक हिंसाच आहे.

दुसरा रस्ता फौजदारी. जुनं ४९८ अ, म्हणजे नवऱ्याचा आणि सासरच्यांचा छळ, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८५. यात ३ वर्षांपर्यंत शिक्षा आणि दंड आहे. पण यातून तुम्हाला ना घर मिळतं ना खर्च. आणि एफ.आय.आर. झाली म्हणजे लगेच अटक होते असंही नाही, २०१४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर पोलीस आधी नोटीस देतात. बाई समजते केस करून पण त्याला सोडून दिला, आपल्या जातीच्या बाईचं कोण ऐकतं, आणि तिथंच हात टेकते. एफ.आय.आर. दाखल असेल तर नुसती अटक झाली नाही म्हणून केस संपत नाही, ती चालूच असते.

दोन्ही रस्ते एकाच वेळी धरता येतात. पण ज्या बाईला छप्पर आणि लेकरांचं खाणं हा पहिला प्रश्न आहे तिनं डी.व्ही. सोडून फक्त ८५ च्या मागं लागू नये, हे माझं ठाम मत आहे.

तपासा: "मला काय पाहिजे" हे एका वाक्यात सांगता येतंय का? "त्याला धडा शिकवायचा" हे उत्तर असेल तर आणखी थोडा विचार करा. "मला याच घरात राहायचंय पण मार नको", "मला माहेरी राहून खर्च पाहिजे", असं स्पष्ट पाहिजे. पुढचा सगळा अर्ज या वाक्यावर उभा राहतो.

## टप्पा २: नवरा दुसऱ्या जातीचा आहे का, हे इथंच तपासून घ्या

नवरा-बायको दोघंही अनुसूचित जातीचे असतील तर नवऱ्यावर अॅट्रॉसिटी लागत नाही. तो मातंग आणि ती बौद्ध असली तरी नाही. कारण अॅट्रॉसिटी कायद्यात आरोपी अनुसूचित जाती-जमातीच्या बाहेरचा असावा लागतो. तरी कार्यकर्ते भावनेच्या भरात मोर्चा घेऊन जातात, अॅट्रॉसिटी लावा म्हणतात, पोलीस नाही म्हणतात, भांडण होतं आणि त्यात मूळ मारहाणीची तक्रार लिहायचीच राहून जाते.

आंतरजातीय लग्नात उलटी चूक होते. सासरचे सवर्ण असतात, भांडी वेगळी ठेवतात, जातीवरून घालूनपाडून बोलतात, आणि बाई फक्त डी.व्ही. टाकते, जातीचा शब्दच लिहीत नाही. लग्नाने बाईची जात बदलत नाही, जन्माने अनुसूचित जातीची असेल तर ती तशीच राहते. जातीवरून अपमान हा गुन्हा लागायला तो चारचौघांसमोर झालेला असावा लागतो, बंद घरात फक्त घरच्यांपुढं बोललेलं कोर्टात टिकत नाही. म्हणून अंगणात, रस्त्यावर, पाहुण्यांसमोर बोलले असतील तर तारीख, शब्द जसेच्या तसे, आणि ऐकणाऱ्यांची नावं लिहून ठेवा, त्यात नात्याबाहेरची माणसं पाहिजेत. जात माहीत असताना केलेली मारहाण किंवा धमकी यासाठी अॅट्रॉसिटीचं कलम ३(२)(व्हीए) आहे, त्याला चारचौघांची अट नाही, ते लावा म्हणून तक्रारीतच लिहा. तपास डी.वाय.एस.पी. (पोलीस उपअधीक्षक) दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो. जातीचा दाखला माहेरच्या नावाचा लागतो, तो आत्ताच शोधून ठेवा.

## टप्पा ३: पिशवी तयार करा

रात्री पळून यायची वेळ येते तेव्हा कागद घ्यायला वेळ नसतो. एक ताई माझ्याकडे आली तेव्हा तिच्या हातात दुधाची रिकामी पिशवी होती, चार घड्या घातलेली, वर तांदळाची पांढरी धूळ. तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवली होती तिनं, सहा महिने. आत आधार, रेशन कार्डाची झेरॉक्स, पोरांचे जन्मदाखले आणि लग्नातला एक फोटो. तेवढ्यावर तिचा अर्ज त्याच दिवशी झाला. पिशवी आधी भरून ठेवलेली असली की असं होतं.

काय काय पाहिजे:

- आधार, रेशन कार्ड, बँक पासबुक, तुमचा शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, लेकरांचे जन्मदाखले आणि बोनाफाईड. मूळ कागद काढता येत नसतील तर मोबाईलवर फोटो काढून भावाला पाठवा आणि आपल्या फोनमधून डिलीट करा.
- लग्नाचा पुरावा. विहारात किंवा मांडवात लग्न लागलेलं, नोंदणी नाही, म्हणून नवरा कोर्टात सरळ म्हणतो लग्नच झालं नाही. घाबरू नका. लग्नपत्रिका, वरात-मांडवाचे फोटो, लग्न लावणाऱ्या बौद्धाचार्यांचं पत्र, पोरांच्या दाखल्यावरचं बापाचं नाव, हे सगळं चालतं. डी.व्ही. कायद्यात तर नवरा-बायकोसारखं एकत्र राहिलेलं नातं पण धरतात.
- घराचा कागद. रमाई आवासचं घरकुल नवऱ्याच्या नाहीतर सासूच्या नावावर असतं, गायरानावरच्या घराला सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, घरपट्टी, लाईट बिल, जे मिळेल ते घ्या. घर तुमच्या नावावर नसलं तरी राहायचा हक्क आहे, डी.व्ही. चं कलम १७, आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सासऱ्याच्या नावावरच्या घरातही तो मान्य केलाय.
- नवऱ्याच्या कमाईचा पुरावा. नगरपालिकेत सफाई कामगार असेल तर पगाराची स्लिप, नाहीतर ठेकेदाराचं नाव. ऊसतोडीला जात असेल तर मुकादमाचं नाव, टोळी, कारखाना आणि उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, किती घेतली ते.

सावधान: बँकेत जाऊन खात्याला स्वतःचा मोबाईल नंबर जोडा. नवऱ्याचा नंबर असेल तर तुम्ही काढलेल्या प्रत्येक रुपयाचा मेसेज त्याला जातो.

## टप्पा ४: मार बसला त्या दिवशी आधी दवाखाना

सरकारी दवाखान्यात जा, ग्रामीण रुग्णालय असेल तर उत्तम. डॉक्टर विचारतात काय झालं, आणि नव्वद टक्के वेळा सासू सोबत उभी असते, बाई म्हणते "पडले". केसपेपरवर लिहिलं जातं घसरून पडली. तो कागद पुढं तुमच्याच विरोधात वापरला जातो. म्हणून सासूला बाहेर थांबवा आणि स्पष्ट सांगा "नवऱ्याने काठीने मारलं", आणि एम.एल.सी. (पोलीस केससाठीची वैद्यकीय नोंद) करा असं म्हणा. मुका मार असेल तर दिसत नाही, कुठं कुठं दुखतंय ते डॉक्टरला लिहायला लावा. फोटो त्याच दिवशी काढा आणि दोन दिवसांनी परत काढा, कारण वळ नंतर निळे-काळे होऊन जास्त दिसतात.

रेकॉर्डिंग, व्हॉट्सअॅप मेसेज असतील तर तो मूळ फोन जपून ठेवा. नुसता स्क्रीनशॉट ठेवून फोन विकून टाकला की कोर्टात सिद्ध करताना नाकी नऊ येतात.

तपासा: केसपेपर वाचता येत नसेल तर बाहेर आल्या आल्या कुणाकडून तरी वाचून घ्या. "पडली" लिहिलं असेल तर तिथल्या तिथं डॉक्टरकडे परत जा.

## टप्पा ५: पोलीस स्टेशन

इथं दोन कागदांतला फरक डोक्यात पक्का ठेवा. एन.सी. म्हणजे अदखलपात्र नोंद. ती झाली की कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करत नाहीत. हातात एक चिठ्ठी मिळते आणि बाईला वाटतं केस झाली. एफ.आय.आर. वेगळी, तिला गुन्हा नंबर असतो, आणि तिची कॉपी तुम्हाला फुकट मिळाली पाहिजे. नवऱ्याचा, सासरच्यांचा छळ हा दखलपात्र आहे, त्याची नुसती एन.सी. घेऊन परत येऊ नका.

तक्रार शक्यतो घरून लिहून न्या, दोन प्रती. शेवटच्या घटनेपासून सुरू करा, मग मागं जा. तारीख आठवत नसेल तर "आंबेडकर जयंतीच्या आदल्या दिवशी", "पट्टा पडून (ऊसतोड संपून) गावाकडं आलो त्या आठवड्यात" असं लिहा, चुकीची तारीख ठोकून देऊ नका. शिव्या दिल्या असं मोघम नको, काय शब्द बोलला ते लिहा. एका प्रतीवर इनवर्डचा शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का मिळाल्याशिवाय उठू नका, बसून राहा.

"तुमच्यात हे चालतंच", "उद्या तूच येशील मिटवायला", हे ऐकावं लागतं, मी स्वतः शेजारच्या खुर्चीत बसून ऐकलंय. चिडून निघून जाऊ नका, त्यांना तेच पाहिजे असतं. सोबत एक माणूस न्या, पण दहा जण नेऊ नका. लिहून घेतच नसतील तर तीच तक्रार रजिस्टर पोस्टाने एस.पी. ऑफिसला पाठवा आणि पावती जपा. त्यानंतर मॅजिस्ट्रेटकडे शपथपत्रासह अर्ज करता येतो.

माहेरी आला असाल आणि इथले पोलीस म्हणत असतील "गुन्हा सासरी घडला, तिकडं जा", तर ते चूक आहे. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय की बाई जिथं आसऱ्याला आली तिथं पण ४९८ अ ची तक्रार देता येते. झिरो एफ.आय.आर. चा, म्हणजे हद्द कुठलीही असली तरी तिथंच तक्रार नोंदवायचा, रस्ता आहेच.

## टप्पा ६: संरक्षण अधिकारी

हा माणूस म्हणजे पोलीस पण नाही, वकील पण नाही. महिला व बालविकास विभागाचा अधिकारी असतो. ऑफिस कुठं ते १८१ या महिला हेल्पलाईनला विचारा, नाहीतर तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीत. त्याचं काम तुमचा कौटुंबिक घटना अहवाल भरणं, ज्याला सगळे डी.आय.आर. म्हणतात, आणि तो कोर्टात देणं. याला पैसे लागत नाहीत. कुणी मागितले तर देऊ नका.

अहवालात बरोबरच्या खुणा करायच्या असतात, आणि घाईत फक्त "शारीरिक" वर खूण होते. आर्थिक, लैंगिक, मानसिक, सगळे रकाने एक एक करून वाचायला लावा. लैंगिकचं सांगायला लाज वाटते, समोर पुरुष अधिकारी असेल तर बाई कर्मचारी मागा.

राहायला जागा नसेल तर जिल्ह्याच्या सखी वन स्टॉप सेंटरमध्ये साधारण पाच दिवस थांबता येतं, त्यापुढं शक्ती सदन हे सरकारी निवारागृह.

## टप्पा ७: कोर्टातला अर्ज

वकील फुकट मिळतो. बाई आहे म्हणून पण मिळतो आणि अनुसूचित जातीची आहे म्हणून पण, उत्पन्नाची अट नाही. विधी सेवा समितीचा नंबर १५१००. अर्ज डी.व्ही. च्या कलम १२ खाली, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे. जिथं तुम्ही तात्पुरत्या राहता तिथल्या कोर्टात पण चालतो, म्हणजे माहेरच्या तालुक्याला.

आता अर्जात काय मागायचं, इथं खूप बाया गमावतात. वकिलाला घाई असते, तो फक्त खर्च मागतो. तुम्ही सांगा, हे सगळं पाहिजे:

१. कलम १८, संरक्षण आदेश: मारू नये, माझ्या कामाच्या ठिकाणी किंवा माहेरी येऊ नये, फोन करू नये.
२. कलम १९, घरात राहायचा आदेश आणि माझे दागिने, भांडी, कागदपत्रं परत.
३. कलम २०, महिन्याचा खर्च, दवाखान्याचा खर्च.
४. कलम २१, लेकरांचा तात्पुरता ताबा.
५. कलम २२, नुकसानभरपाई.
६. कलम २३, यातलं तातडीचं जे आहे ते आत्ताच, तात्पुरतं. यासाठी नमुना ३ चं वेगळं शपथपत्र लागतं. ते जोडलं नाही म्हणून महिने वाया जातात.

एक बारीक गोष्ट. आदेश मोडला तर गुन्हा होतो ते कलम ३१, आणि ते कलम संरक्षण आदेशाला लागतं. म्हणून "घरातून बाहेर काढू नये" हे वाक्य फक्त १९ मध्ये नको, १८ मध्ये पण मागून घ्या.

खर्चासाठी दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं. खरं लिहा. तुम्ही धुणीभांडी करून चार पैसे कमावत असाल तर लिहा, लपवलं आणि उलटतपासणीत निघालं तर बाकीच्या खऱ्या गोष्टीवर पण संशय येतो. थोडं कमावता म्हणून खर्चाचा हक्क जात नाही.

नवऱ्याचे सगळे पत्ते द्या. ऊसतोडीला गेलेल्या माणसाला गावच्या पत्त्यावर नोटीस कधीच लागत नाही, "घरी नाही" शेरा येतो आणि पट्टा पडेपर्यंत तारखा पडत राहतात. कारखाना, टोळी, मुकादमाचा पत्ता, सगळे लिहा. जोडीने कोयता असतो, म्हणजे नवरा-बायको मिळून एकच उचल घेतात, बाई निघाली की मुकादम उचलीचे पैसे तिच्याकडं मागायला येतो, धमकावतो. तो त्रास वेगळा लिहून पोलिसात द्या, डी.व्ही. च्या अर्जात कोंबू नका.

कायद्यात पहिली तारीख तीन दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत म्हटलंय. प्रत्यक्षात जास्त लागतात. तरी कलम २३ चा अर्ज पहिल्याच तारखेला तोंडी सांगून पुढं रेटायला वकिलाला सांगा.

## टप्पा ८: वस्तीची बैठक

ही कधीही येऊ शकते, बहुतेक वेळा नोटीस लागली की लगेच. "पोलीस आपल्या पोरांना आधीच सोडत नाहीत, तू अजून एक नाव देतीस", "वस्तीचं नाव जाईल". ही भीती खोटी नाही, आपल्या पोरांना कसं उचलतात ते आपण बघतो. पण त्याची किंमत दर वेळी त्याच घरातल्या बाईने मार खाऊन का द्यायची, याचं उत्तर बैठकीत कुणी देत नाही.

बैठकीला जायचं तर जा, पण:

- कोऱ्या कागदावर, कोऱ्या बॉण्डवर सही किंवा अंगठा अजिबात नाही.
- बॉण्डवरच्या काडीमोडीवर सही नाही. त्या नोटरीच्या कागदाने आपोआप घटस्फोट होत नाही, पण तो दाखवून नवरा दुसरं लग्न करतो आणि कोर्टात म्हणतो हिनेच सोडलं.
- तडजोड करायचीच असेल तर कोर्टात, न्यायाधीशासमोर, अटी लिहून. केस आधी मागं घ्या, मग नांदवतो, या अटीवर नाही.
- पंचांनी वाळीत टाकायची धमकी दिली तर महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कार विरोधी कायदा आहे, २०१६ चा, ३ वर्षांपर्यंत शिक्षा. हे शांतपणे सांगा, बहुतेक वेळा आवाज खाली येतो.

तपासा: बैठकीत काय ठरलं, कोण कोण होतं, ते घरी येऊन त्याच रात्री वहीत लिहिलं का?

## टप्पा ९: ऑर्डर मिळाली, आता

ऑर्डरची कॉपी फुकट मिळते. तीन झेरॉक्स काढा: एक पर्समध्ये, एक माहेरी, एक स्वतः पोलीस स्टेशनला देऊन शिक्का घ्या. कोर्ट पाठवतंच, पण पोहोचली का कुणी बघत नाही. नवरा दारात आला तर ११२ ला "भांडण चालूय" असं सांगू नका, "माझ्याकडे कोर्टाची संरक्षण ऑर्डर आहे, तो मोडतोय, कलम ३१" असं सांगा. हा दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. साक्षीदार नसला तरी एकट्या तुमच्या साक्षीवर कोर्ट निष्कर्ष काढू शकतं.

खर्च दिला नाही तर गप्प बसून थकबाकी साठवू नका, वसुलीचा अर्ज वर्षाच्या आत टाका, जुनी थकबाकी नंतर काढणं अवघड होतं. नवरा नगरपालिकेत किंवा कंपनीत असेल तर कलम २०(६) खाली त्याच्या पगारातून थेट तुमच्या खात्यात पैसे वळवायचा आदेश मागा. तारखेला स्वतः हजर राहा, मजुरी बुडते हे खरंय, पण दोन-तीन तारखा चुकल्या की केस निकाली काढली जाते आणि परत पहिल्यापासून. तारीख वकिलाच्या भरवशावर ठेवू नका, ई-कोर्ट अॅपवर केसचा सी.एन.आर. नंबर टाकला की पुढची तारीख दिसते. तो नंबर मी ताईंना रेशन कार्डाच्या आतल्या बाजूला पेनाने लिहून देते, कारण मोबाईल नवरा फोडतो, रेशन कार्ड फाडत नाही.